घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

मुंबईच्या डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, एके काळी माणसाची झोपसुद्धा गिरणीच्या भोंग्यावर ठरत असे. आसपासच्या कापड गिरण्या तीन पाळ्यांत चालत. बी. डी. डी. चाळीतील सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी कामगार राहात. एक जण पाळीवर निघाला की त्याच्या जागी पाळी संपवून आलेला दुसरा अंग टाकी. रात्रपाळीचा कामगार सकाळी निजावयास येई तेव्हा स्टोव्ह पेटलेले असत आणि मुले शाळेच्या तयारीत असत. अशा वस्तीत दिवसा डुलकी येणे हे कष्टाचेच लक्षण मानले गेले. कोणी मोठ्याने घोरू लागला तर ‘दमून गाढ झोपला आहे’ असे म्हणून शेजाऱ्याने कूस बदलावी, हा रिवाजच पडला.

ही समजूत पुष्कळदा चुकीची असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व पडजीभ मागे सरकतात आणि हवेची वाट अरुंद होते. त्या वाटेने जाणारी हवा थरथरते, तेच घोरणे. कित्येकांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच थांबते. काहींची वाट मात्र पूर्णपणे बंद होते. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास सुटतो आणि पुन्हा घोरणे सुरू होते. यास झोपेतील श्वासरोध, वैद्यकीय भाषेत ‘स्लीप अ‍ॅप्निआ’, म्हणतात. किमान १० सेकंद श्वास थांबला तर तो एक खंड धरतात. श्वास थांबण्याचे वा अपुरा पडण्याचे असे प्रकार तासाला ५ पेक्षा कमी असणे सामान्य होय. ३० किंवा अधिक झाल्यास विकार तीव्र समजला जातो. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा! सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते आणि आठ तास झोपूनही शिणवटा जात नाही, एवढेच त्याला कळते.

हा आजार दुर्मिळ नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा झोप अनावर होण्याचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. म्हणजे साधारण तेरा-चौदा पुरुषांमागे एक. ही पाहणी पुरुषांपुरती होती. स्त्रियांनाही, विशेषतः पाळी थांबल्यानंतर, हा विकार जडतो; पण त्या घोरण्याऐवजी थकव्याची किंवा झोप न लागण्याची तक्रार सांगतात आणि निदान लांबते. लठ्ठपणा व मानेचा मोठा घेर यांनी धोका वाढतो. उपचार न झाल्यास रक्तदाब चढतो आणि हृदयविकार व पक्षाघाताची शक्यता वाढते.

येथे चाळीच्या त्या एका खोलीचे एक उपकारक अंग ध्यानात येते. या रोगाचा पहिला साक्षीदार रुग्ण नसून त्याच्या शेजारी निजणारा असतो. ‘घोरणे एकदम थांबते, मग दचकून श्वास घेतात’ हे पत्नीचे एक वाक्य डॉक्टरला फार उपयोगी पडते. पुनर्विकासात १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर मिळणे इष्टच आहे. फक्त घोरणाऱ्याला वेगळ्या खोलीत निजवून कुटुंबाने विषय संपवू नये.

१८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर येथील बहुतेक गिरण्या कायमच्या थंडावल्या, त्यांच्या आवारांत कचेऱ्या उभ्या राहिल्या; रात्रपाळी मात्र संपली नाही. परिचारिका, पहारेकरी, चालक यांना ती आजही आहे. शरीरातील घड्याळ उजेडाने चालते, त्यामुळे दिवसाची झोप तोकडी व उथळ होते. पाळ्या वरचेवर उलटसुलट न बदलणे वरिष्ठांच्या हाती आहे. हा त्रास श्वासरोधाहून वेगळा, आणि अंथरुणावर तळमळत ठेवणारा निद्रानाश त्याहून वेगळा. रात्री पायांत वळवळ होऊन ते सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्तातील लोह तपासून घ्यावे.

श्वासरोधाच्या रुग्णाने मद्य व मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. दोन्हींमुळे विकार बळावू शकतो. वजन उतरवणे व कुशीवर निजणे यांनी सौम्य विकारात आराम पडतो. तीव्र विकारात रात्री मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र वापरतात, सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये या उपचाराचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. निदानासाठी रात्रभर श्वास, प्राणवायू व हृदयाचे ठोके यांची नोंद घेतात. काही रुग्णांची ही तपासणी घरीही होऊ शकते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे मूल वर्गात पेंगते, तसेच कधी उलट अतिशय चंचल होते. त्यास शिक्षा करण्यापूर्वी पालकांना त्याच्या झोपेविषयी विचारावे. बऱ्याच वेळा वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागील गाठी हे कारण निघते आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ त्यावर इलाज करू शकतात.