उतारशाळेनंतरचा रस्ता

वाचनभाग : लूक 10:30-37



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण रविवार शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमा बांधल्या, जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पस्तिसावे वचन मात्र आपण घाईने वाचतो. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाजवळ पैसे ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन असे सांगितले. म्हणजे परतीची फेरी त्याने आधीच ठरवली होती. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला असताना मी या दाखल्यावर मोठा निबंध लिहिला होता. त्यात या वचनावर एक ओळही नव्हती.

ते वचन मला शिकवले हिरकणीवाडीजवळच्या एका वाडीवरच्या कातकरी भावाने. रोपवेसाठी पर्यटकांच्या गाड्या लागतात त्या रस्त्याने आपण बरेचजण गेलेले आहात. वाडी तिथून आत, पायवाटेने. या भावाला आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्रात नेले. महिनाभराने तो परतला तेव्हा अंगावर तेज होते, हात थरथरत नव्हते. उपासनेत त्याने साक्ष दिली, मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ‘सुटली’ असे लिहिले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

दसऱ्यानंतर वीटभट्टीचा मुकादम वाडीवर आला. जुनी उचल फिटलेली नव्हती, नवी घेतली गेली. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर गेले. पहिल्याच खर्चीच्या दिवशी भट्टीमागे हातभट्टीची दारू आली आणि हा प्यायला. आम्हाला कळले ते शिमग्याला, त्याच्या बायकोकडून. मी त्याला काय म्हणाले, हे लिहायला आजही लाज वाटते. ‘तुझी प्रार्थना कमी पडली,’ असे म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, प्रार्थना केली होती. पण तिथं संध्याकाळी करायचं काय?’

त्या प्रश्नाने मला पुन्हा अभ्यासाला बसवले. ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह 1985 साली याच विषयावर ग्रंथ काढला. माणूस पुन्हा पितो तो बहुतेक वेळा ठरावीक प्रसंगांत, असे त्यांनी दाखवले : मन खचलेले असताना, भांडण झाल्यावर, सोबत्यांनी आग्रह केल्यावर. हे प्रसंग आधी ओळखता येतात, त्यांची तयारी करता येते. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. एकदा पाय घसरणे वेगळे आणि पुन्हा व्यसनात बुडणे वेगळे. एक घोट गेला की ‘आता सगळे संपलेच’ असे माणसाला वाटते, आणि त्या शरमेपोटी तो बाटली संपवतो. माझ्या बोलण्याने त्याची शरम वाढवली, दारू काही कमी केली नाही.

आपल्याकडे हे काम जुने आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केले. तिथे निवासी उपचार पस्तीस दिवसांचे, पण नंतरचा पाठपुरावा आणि घरच्यांचे, विशेषतः पत्नींचे, गट हा कामाचाच भाग मानला जातो. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ने उपचार तालुक्यापर्यंत आणि गावातल्या शिबिरांपर्यंत नेले, कारण आदिवासी माणूस महिनाभर मजुरी सोडून दूर राहू शकत नाही. आमच्या मजुरांना हे तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की आमचे गाव वर्षातले सहासात महिने भट्टीवर असते. पाठपुरावा वाडीवर ठेवला तर रिकाम्या झोपड्यांचा होतो.

दुसऱ्या वेळी आम्ही उपचाराच्या आधीच त्याच्या बायकोला बरोबर घेऊन बसलो. कोणत्या दिवशी ओढ लागते? खर्चीच्या दिवशी. कोणाबरोबर? नावे निघाली, त्यात तिचा सख्खा भाऊ होता. मग ठरले : खर्ची तिच्या हातात द्यायची (मुकादम आधी हसला, मग कबूल झाला), त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने फोन करायचा, महिन्यातून एकदा भट्टीवर जायचे. आणि प्यायलाच तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सांगायचे. कोणी रागावणार नाही. शेवटची अट पाळणे त्याच्यापेक्षा आम्हालाच जड गेले.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनासभेत हात वर करून त्याच रात्रीपासून एकदम दारू बंद करणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि यात जीवही जातो. निर्णय सभेत होऊ दे, पण लगेच डॉक्टरांकडे न्या. दुसरे, जेवणात चोरून मिसळायच्या पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्यांपासून दूर राहा. डायसल्फिराम घेतलेला माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती गोळी डॉक्टरांनी तपासून, त्या माणसाला सांगूनच द्यायची असते. रात्री-अपरात्री विचारायला कोणी नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

त्या भावाने पहिला हंगाम काढला. दुसऱ्या हंगामात, मेहुण्याच्या लग्नात, तो प्यायला. सकाळी सहाला फोन आला. मला वाटले कोणी वारले. ‘ताई, रात्री घेतली. अजून भट्टीवरच आहे, गेलो नाही कुठं.’ मी आणि पाळकांचा मुलगा दुपारी तिथे पोचलो तेव्हा तो विटा थापत होता. आम्ही चहा घेतला. त्याच्या बायकोने विचारले, लग्नांना जाऊ नको म्हणायचे का? तसे कसे म्हणणार? लग्नात हळदीच्या रात्री थांबायचे नाही, जेवून निघायचे, असे ठरले. रजिस्टरमध्ये आता मी ‘सुटली’ लिहीत नाही, भेटीची तारीख लिहिते.

येत्या दिवाळीनंतर त्याच्यासह वाडीवरचे चौघे या मार्गावर असतील, आणि ते तीन वेगवेगळ्या भट्ट्यांवर जाणार आहेत. खर्चीच्या संध्याकाळचे फोन मंडळीतल्या दोघांनी वाटून घेतले आहेत. भट्टीवर जायला मोटारसायकल असलेला एक भाऊ आणि बायकांशी बोलायला एक बहीण हवी आहे, एका रविवारी नव्हे, पाऊस पडेपर्यंत.