लिंबाच्या सालीचा पोत : क्रोशाच्या नवशिक्यांसाठी एक सोपी वीण

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हिवाळ्यात पहाटे अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते, परंतु जाड लोकरीची गरज सहसा भासत नाही. मुलांच्या नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे राहावयास गेलेल्या आजींच्या हे लवकरच ध्यानात येते. नातवंडासाठी विणावयाचे पांघरूण सुती, हलके, तरीही भरीव असावे, असे त्यांना वाटू लागते. क्रोशाची सुई त्यांच्या हाताला नवी नसते. रुखवतातली तोरणे, ताटावरचे रुमाल, रेडिओवरची झाकणे हे सारे त्या सुईनेच होत असे. मात्र ती बहुतेक जाळीची वीण. तान्ह्या बाळाची बोटे जाळीत अडकतात, म्हणून पांघरुणाला मिटलेली आणि थोडी उठावदार वीण बरी. इंग्रजीत ‘लेमन पील’ म्हणजे लिंबाची साल या नावाने ओळखली जाणारी वीण या कामी उत्तम आहे. नुकतीच सुई हाती धरलेल्या सुनेला वा नातीलाही ती एका दुपारी साधते.

आजी आणि नात एकत्र विणू लागल्या, की पहिला घोटाळा होतो तो शब्दांचा. आजीने ज्या जुन्या इंग्रजी मासिकांतून नमुने उतरवून घेतले, ती बहुधा ब्रिटिश असत. नात पाहते ते नमुने पुष्कळदा अमेरिकन असतात. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेतला डबल तो ब्रिटनमधला ट्रेबल. नमुना एका पद्धतीचा आणि हात दुसऱ्या पद्धतीचा असला, की कापड सैल पडते वा माप चुकते, आणि दोष मात्र शिकणारीच्या माथी येतो. नमुन्यात ‘सिंगल’ हा शब्द आढळला, तर तो अमेरिकन समजावा, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्द नसतो. येथे नावांचा वाद टाळून आखूड खांब आणि लांब खांब असे दोनच शब्द वापरले आहेत.

आखूड खांबासाठी सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यावा. सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढावा. लांब खांबासाठी टाक्यात सुई घालण्याआधीच सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा. दोरा ओढला की तीन फास होतात. ते दोन-दोन करून दोन वेळा सोडवावेत.

सरावासाठी मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा सुती दोरा आणि ४ मिलिमीटरची सुई घ्यावी. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत आणि नवशिक्याचा धीर तेथेच सुटतो. ३१ साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत आखूड खांब, पुढच्या साखळीत लांब खांब, असे आलटून पालटून ओळ पुरी करावी. एकूण ३० खांब होतात आणि शेवटचा लांब असतो. आता एक साखळी घालून काम उलटावे. ही साखळी मोजायची नाही. पहिल्याच खांबात आखूड, पुढच्यात लांब, असे पुन्हा चालू ठेवावे. लांबावर आखूड आणि आखुडावर लांब, एवढा एकच नियम लक्षात ठेवावयाचा. प्रत्येक ओळ आखुडाने सुरू होते आणि लांबाने संपते.

आखूड शेजारी लांब खांबाला दोन्ही बाजूंनी खाली ओढून धरतात. त्याला सरळ उभे राहण्यास जागा उरत नाही, म्हणून तो फुगून वर येतो आणि लिंबाच्या सालीसारखे बारीक दाणे दिसू लागतात. कापडाच्या दोन्ही अंगांना ते सारखेच उमटतात. पांघरुणाला उलटी बाजू नसणे ही मोठीच सोय.

नवशिक्यांचे काम बिघडते ते बहुतेक कडेला. ओळीतला पहिला वा शेवटचा खांब नजरेतून सुटतो आणि चौकोन हळूहळू त्रिकोणाकडे झुकतो. प्रत्येक ओळीनंतर खांब मोजणे कंटाळवाणे खरे, पण पहिल्या दहा ओळी तरी ते टाळू नये. एका ओळीत लांबावर लांब आला, तर दाणे जाऊन तेथे उभी रेघ दिसते. तेवढे उसवावे. क्रोशात सुईवर एकच जिवंत फास असल्याने दोन सुयांच्या विणकामातल्याप्रमाणे टाके सांडण्याची भीती नसते.

मापाचे महत्त्व एकटीने विणताना फारसे जाणवत नाही. बंगळुरूहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. अनेक घरांत, अनेक हातांनी विणलेले तुकडे तेथे जोडले गेले. अशा कामात एका तुकड्याची कड आखडली, तर शेजारच्या तुकड्याला चुण्या पडतात. घरात आजीचा घट्ट हात आणि नातीचा सैल हात एकाच पांघरुणात यावयाचा असेल, तर नातीने एक क्रमांक बारीक सुई घ्यावी.

सरावाचा चौकोन तयार झाला की नाही, हे कर्णावर दुमडून पाहावे. कडा जुळल्या की दोरा तोडून शेवटच्या फासातून ओढून घ्यावा आणि टोक जाड सुईने आतल्या टाक्यांत लपवावे. नंतर तो एकदा धुऊन, सुकवून पुन्हा मोजावा, कारण सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो. पांघरुणाच्या साखळ्या त्या धुतलेल्या मापावरून ठरवाव्यात, आणि त्यांची संख्या विषम ठेवावी. सरावाचा तुकडा गरम भांडी उतरवण्यासाठी वापरता येतो, मात्र तो सुतीच हवा. अ‍ॅक्रिलिकचा दोरा उष्णतेने वितळून हाताला चिकटतो.