टाकीतले मासे आणि पाण्याचा सामू



एका हितचिंतक कुटुंबाने आमच्या बाभुळगावच्या वसतिगृहाला काचेची टाकी दिली, तेव्हा आम्ही तिच्यात बावीस गप्पी मासे सोडले. हिवतापाचे कर्मचारी डबक्यांत सोडतात तेच हे मासे. आमच्या कोलाम मुलांना त्यांचे नवल नव्हते. काचेतून मासा बाजूने दिसतो याचेच नवल होते.

सप्टेंबरमध्ये त्यांतले सतरा मासे एका रात्रीत मेले. चूक माझी होती.

पावसाळाभर आम्ही पन्हळीखालच्या पिंपातले पावसाचे पाणी टाकीत घालत होतो. पाहुणे येणार म्हणून मी दोन तृतीयांश पाणी काढले आणि बोअरचे ताजे पाणी भरले. सकाळी मासे तरंगत होते. चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बोअरच्या पाण्यात विष आहे का? आपण तेच पितो ना?" मला उत्तर देता येईना.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. काढलेले पाणी झाडांसाठी बादलीत ठेवले होते. त्याचा सामू 6 निघाला. बोअरच्या पाण्याचा 8, आणि टाकीचाही जवळजवळ तेवढाच.

सामू, म्हणजे पीएच, हा शब्द शेतकऱ्याला माती परीक्षणाच्या कागदावर भेटतो. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क. ही मोजपट्टी 1909 मध्ये सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. (ती बिअरच्या कारखान्याची होती, हे मुलांना सांगताना मी जरा अडखळलो.) हिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. 6 आणि 8 यांत शंभरपट.

आपल्या काळ्या मातीखाली बेसाल्ट खडक आणि मधूनमधून चुनखडी. म्हणून बोअरच्या पाण्याने पातेल्यावर पांढरा थर बसतो. हाच विरघळलेला चुना टाकीत आलेले आम्ल शोषून घेतो आणि सामू स्थिर ठेवतो. पावसाच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे रूपांतर करताना आम्ल तयार करतात, चुना संपतो, सामू घसरतो. मग ते जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो.

तरी मासे जिवंत होते, कारण आम्लधर्मी पाण्यात त्याचा बहुतेक भाग अमोनियम या सौम्य रूपात राहतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर विषारी अमोनिया सुमारे अर्धा टक्का, 8 असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास. मी सामू एका संध्याकाळीत वर चढवला आणि साठलेले विष जागे केले.

आता दर शनिवारी फक्त एक पंचमांश पाणी बदलतो. बोअरचे पाणी बादलीत रात्रभर ठेवतो, कारण जमिनीतून येताना त्यात विरलेला कर्बवायू उडाला की सामू थोडा वाढतो. खरा आकडा सकाळी कळतो. खाद्य चिमूटभर. सामू नेहमी एकाच वेळी मोजायचा, कारण पाणवनस्पती दिवसा कर्बवायू घेतात आणि संध्याकाळी आकडा चढलेला दिसतो.

कुणीतरी लिंबू पिळण्याचा सल्ला दिला होता. तो मानू नये. चुना ते आम्ल गिळतो, काही दिसत नाही म्हणून आपण आणखी पिळतो, आणि चुना संपताच सामू धाडकन कोसळतो. गप्पींना 8 चालतो; रोज बदलणारा आकडा चालत नाही.

त्या मुलीला मी सांगितले की मासे बोअरच्या पाण्याने नव्हे, माझ्या घाईने मेले. पण तिचा दुसरा प्रश्न उरतोच. आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते सामूच्या कागदावर दिसत नाही. बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीला पाठवला आहे. अहवाल आला का, असे ती रोज विचारते.