इंग्रजी शब्दांचा अभ्यास : ‘प्रिव्हेंट’

आपल्या मंडळ्यांतील कित्येक उपदेशक मराठी पवित्र शास्त्राबरोबर इ. स. १६११ चे इंग्रजी भाषांतरही उघडून पाहतात. ही चाल स्तुत्य आहे. परंतु त्यातील काही शब्दांचा अर्थ आता पालटला आहे, हे ध्यानात न ठेवल्यास वाचकाची फसगत होते. ‘प्रिव्हेंट’ हे क्रियापद अशांपैकी एक होय.

आजच्या इंग्रजीत याचा अर्थ ‘होऊ न देणे, प्रतिबंध करणे’ असा आहे. हाच अर्थ धरून कोणी एकोणसाठाव्या स्तोत्राचे दहावे वचन वाचले, तर दयाळू देव आपल्या भक्ताला अडवील, असा बोध होईल. स्तोत्रकर्त्याचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे : देव आपल्या भेटीस पुढे होऊन येईल. साहाय्य करणाऱ्याला अडविणारा म्हणणे ही काही लहान चूक नव्हे.

हा घोटाळा शब्दाच्या मुळाकडे पाहिल्याने उलगडतो. लॅटिन भाषेत ‘प्रे’ म्हणजे आधी, पुढे. आणि ‘वेनिरे’ म्हणजे येणे. तेव्हा ‘प्रिव्हेंट’ याचा मूळ अर्थ ‘आधी येणे’ एवढाच. हे ‘वेनिरे’ आणि संस्कृतातील ‘गम्’ धातू एकाच प्राचीन मूळापासून निघालेले आहेत. म्हणूनच ‘अ‍ॅडव्हेंट’ म्हणजे आगमन, ‘कन्व्हीन’ म्हणजे एकत्र येणे, ‘इंटरव्हीन’ म्हणजे मध्ये येणे, ही भावंडे आपल्याला सहज ओळखता येतात.

मत्तय १७:२५ येथेही हाच जुना अर्थ आहे. येशूने पेत्राला बोलू दिले नाही असे नव्हे, तर पेत्र बोलण्यापूर्वी तोच प्रथम बोलला. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ४:१५ येथे जिवंत राहिलेले लोक निजलेल्यांच्या आधी जाणार नाहीत, असा भाव आहे. इ. स. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारात या दोन्ही ठिकाणी निराळे शब्द घातले आहेत. तसेच जॉन वेस्ली ज्या ‘प्रिव्हेंटिंग ग्रेस’ विषयी लिहितो, ती अडविणारी कृपा नव्हे. मनुष्य देवाकडे वळण्याच्या आधीच त्याच्याकडे येणारी कृपा होय.

मग अर्थ फिरला कसा? जो आधी येऊन पोहोचतो, तो मागून येणाऱ्याची वाट रोखू शकतो. आपणही ‘मदतीला येणे’ म्हणतो आणि ‘आडवे येणे’ असेही म्हणतो. ‘येणे’ एकच, परिणाम दोन. इंग्रजीत कालांतराने पहिला अर्थ लोपला व दुसरा उरला. तरी मूळ अर्थाची खूण अजून दिसते. एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली देवीच्या रोगावर लस टोचून पाहिली. रोग येण्याच्या आधीच उपाय पुढे जाऊन उभा राहिला. आणि तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. यालाच ‘प्रिव्हेन्शन’ म्हणतात.

आता वाक्यरचना पाहू. या क्रियापदानंतर ज्याला अडवावयाचे तो, मग ‘फ्रॉम’, आणि मग ‘इंग’ प्रत्ययाचे रूप येते : ‘द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग,’ म्हणजे पावसामुळे आम्हांस जाता आले नाही. येथे ‘टु गो’ म्हणू नये. ते ‘फर्बिड’ या क्रियापदाला शोभते. ‘फर्बिड’ म्हणजे मनाई करणे. मनाई मोडून मनुष्य जाऊ शकतो. ‘हिंडर’ म्हणजे अडथळा करणे. अडखळत का होईना, तो पोहोचू शकतो. ‘प्रिव्हेंट’ केले म्हणजे मात्र जाणे घडतच नाही.

अभ्यास : (१) स्तोत्र ११९:१४७ इंग्रजीत व मराठीत ताडून पाहा, तेथे पहाट अडविली आहे की पहाटेच्या आधी उठणे झाले आहे? (२) ‘कुंपणामुळे गुरे शेतात शिरली नाहीत,’ हे वाक्य ‘प्रिव्हेंट’ योजून इंग्रजीत करा.