पंख कोणाचे, हात कोणाचा?

बारावीच्या चाचणीत ‘वटवाघूळ आणि कबुतर यांचे पंख होमोलॉगस की ॲनालॉगस?’ असा एका गुणाचा प्रश्न होता. मी होमोलॉगस लिहिलं, गुण गेला. मैत्रिणीच्या क्लासच्या नोट्समध्ये मात्र माझंच उत्तर बरोबर दिलंय. खरं काय? – एक विद्यार्थिनी, सातारा

गुण गेला याचं वाईट वाटलं, पण इथे चुकलाय तो प्रश्नच. कशाची तुलना करायची ते त्यात सांगितलेलंच नाही.

हात म्हणून पाहिलंस तर दोन्ही समजात, म्हणजे होमोलॉगस. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगट आणि बोटं, हा सांगाडा दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाला. तो पूर्वज ३० कोटी वर्षांहूनही जुना, सरड्यासारखा चार पायांवर चालणारा. त्याला पंख नव्हते. त्यामुळे हात वडिलोपार्जित असला तरी उडणं ही ज्याची त्याची स्वकष्टार्जित कमाई, आणि पंख म्हणून पाहिलंस तर दोन्ही कार्यसदृश, म्हणजे ॲनालॉगस. हे हाडांत स्पष्ट दिसतं. वटवाघळाची चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबली, त्यांच्यावर कातडी ताणली गेली आणि अंगठा तेवढा मोकळा राहिला. कबुतराची बोटं उलट आखडली, एकमेकांना चिकटली, आणि पंखाचा पसारा पिसांनी उभा केला.

एकच हात वटवाघळात पंख झाला, देवमाशात वल्हं झाला, तुझ्याकडे पेन धरतो. ही अपसारी उत्क्रांती. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्यांना हवेने सारखा आकार दिला, ती अभिसारी. निसर्गाकडे यासाठी दोन वेगळी यंत्रं नाहीत. पिढीतला फरक, त्याचा वारसा आणि निवड हेच दोन्हीकडे चालतं. ही नावं आपण मागाहून, नक्षी पाहून दिली आहेत. पुस्तकं त्यांचा तक्ता करतात आणि मुलं तो घोकतात, तिथेच सगळा घोळ होतो. पुढच्या वेळी ‘फोरलिंब म्हणून होमोलॉगस, पंख म्हणून ॲनालॉगस’ असं एका ओळीत लिही. कबुतराच्या जागी फुलपाखरू असेल तर मात्र डोळे मिटून ॲनालॉगस. त्याच्या पंखात हाडच नसतं.

सुपारीच्या बागेत खणताना वीतभर लांबीचा, काळपट, बुळबुळीत प्राणी निघाला. गड्याने साप समजून मारला. शेजारी म्हणाले, हे देवगांडूळ. गांडूळ आणि साप यांच्या मधला हा दुवा आहे का? – एक बागायतदार, सावंतवाडी

दुवा नव्हे, हे तिसऱ्याच घराण्यातलं. देवगांडूळ उभयचर आहे, बेडकाचा भाऊबंद. गांडुळाला पाठीचा कणा नसतो, याला असतो. तुमच्या बागेत वाळा नावाचा करंगळीहून बारीक सापही असेल. त्याच्या अंगावर कोरडे, चकचकीत खवले असतात. देवगांडुळाची कातडी ओलसर आणि वळ्यावळ्यांची.

मग तिघं इतके सारखे कसे? मातीत घुसायचं तर पाय आडवे येतात आणि अंधारात डोळ्यांचं काही काम नसतं. सापांचे पूर्वज पायवाले, सरड्यांच्या गोतातले. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी आजही दोन नख्या दिसतात, त्या मागच्या पायांच्या खुणा. उभयचरांतल्या या शाखेने पाय गमावले ते अगदी स्वतंत्रपणे. गांडुळाला तर गमवायला पाय नव्हतेच. एवढ्या साम्यानंतरही आपुलकी म्हणाल तर शून्य, कारण देवगांडूळ गांडुळंच खातं.

तुमच्या शेजारच्या आंबोलीतून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली गेली, गेगेनिओफिस डॅनिएली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव तिला दिलंय. माणसाला या प्राण्यापासून धोका नाही. पुन्हा सापडलं तर ओल्या पाचोळ्याखाली सोडून द्यायला गड्याला सांगा.

उंबर फोडलं की आत किडे. बाहेरून तर फळ धड दिसतं! – एक आजी, वाई

आजी, उंबर किडलेलं नसतंच. तुम्ही ज्याला फळ म्हणता ती फुलांची मिटलेली पिशवी आहे, म्हणून तर उंबराचं फूल कोणाला दिसत नाही. चिलटाएवढी एक वरट परागकण घेऊन टोकाच्या अरुंद वाटेने आत शिरते. त्या धडपडीत बहुधा तिचे पंखही तुटतात. आत ती फुलांवर पराग ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी; ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, बाहेर पडायला भोक पाडतात आणि संपतात. माद्या परागकण घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. त्या आल्या नाहीत तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर त्यांना पिल्लं होत नाहीत. वडाची वरट वेगळी, पिंपळाची वेगळी. कोट्यवधी वर्षं एकमेकांना घडवत आलेल्या या जोडीला सहउत्क्रांती म्हणतात.

उत्क्रांती रांगते की उड्या मारते? – एक शिक्षक, लातूर

१९७२ साली नाइल्स एल्ड्रेज आणि स्टीफन जे गूल्ड यांनी मांडलं, की जीवाश्मांत बऱ्याच जाती दीर्घकाळ जवळपास तशाच राहतात आणि बदल थोडक्या काळात उरकतो. पण हा ‘थोडका’ काळ भूशास्त्राचा, म्हणजे हजारो वर्षांचा. मुलांना उडी म्हटलं की ती एका पिढीची वाटते, तेवढं सांभाळा.

पिढीगणिक बदल मोजायचा तर गॅलापागोसचं डॅफ्ने मेजर बेट घ्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची १९७३ पासून मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या. उरल्या त्या आपल्या माळावरच्या सराट्याच्या भावकीतल्या काटेरी, टणक बिया. जाड चोचीचे पक्षी त्या फोडून जगले, आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने जाड निघाल्या. मग १९८३ साली एल निनोचा धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि निवडीचं पारडं लहान चोचींकडे झुकलं.