माशांच्या पेटीचं पाणी : साठवायचं कसं, न्यायचं कसं



मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गात काचेची पेटी आली आणि तिच्यात दहा गप्पी मासे. पंधरा दिवसांनी काच हिरवी दिसायला लागली. पोरांनी सगळं पाणी काढलं, आतले खडे राखेने घासले आणि नुकत्याच आलेल्या नळाचं पाणी काठोकाठ भरलं. मी बाजूला उभी राहून कौतुक करत होते. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी धावत आली, "मॅडम, मासे काहून उलटे झाले?" शाळा सुटेपर्यंत सात गेले. चूक पोरांची नव्हती, माझी होती.

नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे निर्जंतुक केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायलाच हवं. आपण ते पितो, आपल्याला काही होत नाही. माशाचं तसं नाही. त्याच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो, क्लोरीन तोच जाळतं. दुसरं कारण मला नंतर कळलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू खड्यांवर आणि काचेवर राहतात. आम्ही राखेने घासून तेच धुऊन टाकले होते!

म्हणून पहिला नियम: आठवड्याला फक्त पाव पाणी बदलायचं. पाव म्हणजे किती, हा घनफळाचा तयार धडा आहे. आमची पेटी ६० सें.मी. लांब, ३० रुंद, पाणी २५ सें.मी. उंच. गुणाकार ४५,००० घन सें.मी., म्हणजे ४५ लिटर. पाव म्हणजे ११ लिटरच्या थोडं वर, एक बादली. शिवाय ४५ लिटर पाणी म्हणजे ४५ किलो वजन. भरलेली पेटी उचलायची नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. उचलली तर काचेचे सांधे सुटतात.

आता साठवण. नळाचं पाणी रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या टबात किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये ते लवकर जात नाही. पण उघडं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो. यावर आम्ही जुन्या ओढणीचा तुकडा टबावर ताणून बांधतो. हवा जाते, डास जात नाही. आठवड्याला टब रिकामा करून आतून घासायचा, पण साबणाने नाही. तांब्याची घागर मात्र नको. तांबं पाण्यात उतरतं, मासे आणि गोगलगायी ते सोसत नाहीत.

टँकरचं पाणी नळासारखंच धरा, त्यातही ब्लिचिंग असू शकतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायू कमी असतो. ते रात्रभर ठेवून या बादलीतून त्या बादलीत दोन-चार वेळा उंचावरून ओतावं. आपलं बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. गप्पींना ते चालतं. सगळंच चालतं असं मात्र नाही. आपल्याच तालुक्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास मोजलेला आहे, त्यात गप्पी सोडले तर? आणि त्याच विवराच्या काठावरची धार गोडी कशी? या प्रश्नावर माझा एक अख्खा तास गेला, आणि चांगला गेला.

पाणी काढायला मग्गा वापरू नका, मासे घाबरतात. दीड मीटरची नळी पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबा, एक तोंड पेटीत, दुसरं खालच्या बादलीत, आणि अंगठे सोडा. पाणी आधी वर चढून मग खाली येतं, पोरं बघतच राहतात. तोंडाने ओढू देऊ नका, ते घाण पाणी आहे. बादली पेटीपेक्षा वर धरली की धार थांबते. का थांबते ते आधी त्यांनाच विचारा. नवं पाणी वाटीवर हळू ओतायचं, त्याआधी दोन्ही पाण्यांत हात घालून बघायचा. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलंच तापलेलं असतं, ते थेट नको.

पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, "बाई, माणसाले पाणी नाही अन् तुम्ही माशाले बादल्या ओतता?" प्रश्न बरोबरच होता. मी त्यांना परसबागेत नेलं. काढलेलं सगळं पाणी तिथल्या वांग्यांना आणि मेथीला जातं, त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. आम्ही वाफ्याला तसंही पाणी घालतोच, ते आता आधी पेटीतून फिरून येतं. आजोबांनी मेथीची एक काडी तोडून चावली, "बरं हाय," म्हणाले. पुढच्या सोमवारी त्यांचा नातू टबाला बांधायला घरून जुनं धोतर घेऊन आला.

उरलेल्या तीन गप्पींची आता एकवीस झालीत. जास्तीचे मासे कुणाला हवे असतील तर घरच्या हौदासाठी न्या, पण नदीत किंवा तलावात सोडू नका. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्याकडच्या लहान माशांचं खाणं तो पळवतो.