सोन्याचा पुरुष आणि सोन्याचे शोधक

वेदांतात शुक्तिरजताचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. उन्हात पडलेली शिंप लांबून रुप्यासारखी चकाकते. मनुष्य धावत जातो, हाती शिंपच येते. त्याला धावायला लावते ती शिंप नव्हे. त्याच्या पोटातला लोभ. याच जातीचा एक इतिहास पाहू.

दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशात बोगोटा शहराजवळ डोंगरात ग्वाताविता नावाचे सरोवर आहे. तिथल्या मुइस्का लोकांचा नवा राजा अंगाला सोन्याची धूळ माखून तराफ्यावरून सरोवराच्या मध्यावर जाई आणि सोने व पाचू पाण्यात अर्पण करी, असे स्पॅनिश बखरकार सांगतात. म्हणून ‘एल दोरादो’, म्हणजे सोन्याने मढलेला पुरुष. कर्णोपकर्णी त्या पुरुषाचे नगर झाले, नगराचे राज्य झाले!

मग काय, जो तो निघाला. 1541 साली गोन्सालो पिसारो क्विटोहून मोठी फौज घेऊन रानात शिरला. घोडी-कुत्री खाऊन मूठभर माणसे परतली. वॉल्टर रॅले हा इंग्रज 1595 साली गेला, 1617 साली पुन्हा निघाला. त्या खेपेला मुलगा लढाईत गेला, आणि 1618 साली लंडनात त्याचे स्वतःचे शिर उतरले. कोणी सरोवरच उपसू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका कंपनीने ते रिते केले, तर तळाचा चिखल उन्हाने दगडासारखा घट्ट झाला! अखेर 1965 साली तिथल्या सरकारने सरोवराला संरक्षण दिले. पुढे 1969 साली पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना वीतभर सोन्याचा तराफा सापडला, त्यावर मध्ये राजा उभा. आज तो बोगोट्याच्या संग्रहालयात आहे.

आता सिद्धांत ऐका. सरोवर एकच, सोने एकच. मुइस्का द्यायला गेला, तो हलका होऊन परतला. बाकीचे घ्यायला गेले, ते रिते परतले, किंवा परतलेच नाहीत. देणाऱ्याची गोष्ट घेणाऱ्यांनी ऐकली, तिथेच घोटाळा झाला.

बाबांनो, आपणही वारीला निघतो. मुखी नाम, पण गाठोड्यात काय? कोर्टातला दावा, मुलाची नोकरी, पिकाचा भाव. दुसऱ्याला कशाला बोलू? कीर्तनाला उभा राहिल्यावर माझीही नजर बिदागीच्या पाकिटाकडे गेलेली आहे. तेवढा वेळ मी नारदाच्या गादीवर नव्हतो, पिसारोच्या फौजेत होतो.

पुंडलीक मात्र कुठे शोधायला गेला नाही. आईबापांचे पाय चेपत बसला. त्याला शोधत देवच दाराशी आला, आणि त्याने दिलेल्या विटेवर उभा राहिला, तो आजवर उभाच आहे.